अनुमोदनाला व्हर्लिन

लिंडव्हिक कलाकेंद्राच्या संचालक मंडळावर व्हर्लिन स्कोगस्टाड वर्षानुवर्षं होता, पण स्वतः होऊन त्याने एकही सूचना कधी मांडली नव्हती. तो फक्त अनुमोदन द्यायचा. कुणी म्हणालं, "मी अशी सूचना मांडते की मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करावं," की टेबलाच्या पार टोकाकडून, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला टेकवलेल्या खुर्चीतून त्याचा जाडाभरडा आवाज यायचा, "अनुमोदन." मातीकामाची भट्टी घ्यायची? अनुमोदन. अकॉर्डियनवाल्यांची जत्रा भरवायची? अनुमोदन. मक्याच्या कणसांची शिल्पं अंगणात मांडायची ठरली, तेव्हाही अनुमोदन व्हर्लिनचंच होतं. त्या प्रदर्शनाला माणसांपेक्षा खारी जास्त आल्या आणि शेवटी नुसते बुरखुंडे उरले, पण त्याबद्दल त्याला कुणी कधी बोल लावला नाही.

मंडळाची चिटणीस बेव्ह क्लिमेक तर इतिवृत्ताचे कोरे कागद छापून आणतानाच त्यावर "अनुमोदक : व्हर्लिन" असं छापून आणायची. मोकळी जागा फक्त सूचकाच्या नावापुरती.

गावातले काही शहाणे त्याला होयबा म्हणायचे. हे शहाणे कधी सभेला येत नाहीत, पण सभा आपणच चालवल्यासारखं कॅफेत बसून बोलतात. त्यांना व्हर्लिन काय कळणार! जन्मभर त्याने घरं गरम ठेवायच्या गॅसचा ट्रक चालवला. हिवाळ्यात पारा तळाला जाऊन बसला की बाकीचं गाव पांघरुणात आणि व्हर्लिन रस्त्यावर. कुठल्या घराची टाकी कुठे पुरली आहे, कुणाचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुणाचं खरोखर चावतं, हे त्याला तोंडपाठ होतं. कलेतलं मात्र एवढंच कळायचं की भिंतीवरचं चित्र सरळ आहे की तिरकं, आणि तिरकं दिसलं तर तो कुणाला न सांगता सरळ करून पुढे जायचा.

अशा माणसाला कलाकेंद्राच्या मंडळावर आणलं कुणी? तर थंडीने. आमचं कलाकेंद्र म्हणजे पूर्वीची लोण्याची डेअरी. ती पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची असं घाटत होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका फिलिस टोरगर्सन यांनी पाचपंचवीस लोकांना हाताशी धरून संस्था काढली आणि डेअरीतच पहिली सभा बोलावली. सभेच्या दिवशी असं वादळ सुटलं की निम्मे संचालक घरातच अडकले. गणपूर्तीला एक माणूस कमी. त्या वेळी तळघरात कुणीतरी ठोकाठोक करत होतं. तो व्हर्लिन, हीटर पेटवायला आलेला. फिलिसने जिन्यातून हाक मारून त्याला वर बोलावलं. बायकोने गाण्याच्या हौसेपायी कुटुंबाची म्हणून वर्गणी भरली आहे आणि त्या हिशेबाने आपण सभासद आहोत, हे त्याला तिथेच कळलं. हातमोजे काढायच्या आत त्याला संचालक करून टाकलं.

मग फिलिसने सूचना मांडली. डेअरी पाडू द्यायची नाही, संस्थेने ती विकत घ्यायची आणि उभी ठेवायची. झालं, सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमच्याकडे अवघड वेळ आली की लोक बुटांकडे बघतात. फिलिस तशीच उभी राहिली, ताठ, पण कान लाल झालेले. व्हर्लिनला तळ्यावरचं नवं बर्फ आठवलं. पहिला माणूस बर्फावर पाय टाकतो आणि मागून कुणीच येत नाही, तेव्हा बर्फ कितीही जाड असलं तरी तो एकटा वेडा दिसतो. त्याला ते बघवेना. शिवाय ट्रक बाहेर चालू होता आणि अजून अर्धी गिऱ्हाइकं राहिली होती. "देतो की मी," तो म्हणाला, "अनुमोदन." कोंडी फुटली, हात वर झाले आणि डेअरी वाचली. पावसाळी हवेत तिथे अजून आंबट दुधाचा वास येतो, पण भिंतींवर चित्रं आहेत आणि वरच्या मजल्यावर गाणं आहे.

तेव्हापासून व्हर्लिनचा एकच नेम. तोंड उघडणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही. स्वतः तोंड उघडायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, आणि आली नाही याचं त्याला बरंच वाटायचं.

आता त्याची बायको आर्डिस. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मोठमोठ्या पातेल्यांशी झुंजत निवृत्त झाली. हात सढळ, हसणं मोठं आणि आवाज त्याहून मोठा. केंद्राच्या गायनवृंदात ती पहिल्या दिवसापासून. पण खोटं कशाला बोला, आर्डिसचं गाणं सुराच्या आळीत राहायचं, सुराच्या घरात कधी जायचं नाही. शिवाय तिला घाई फार. बाकीचे "ता" म्हणेपर्यंत ती ओळ संपवून पुढच्या ओळीच्या दारात उभी असायची. तिच्या शेजारी बेव्ह उभी राहायची. बेव्हचं त्या बाजूच्या कानातलं यंत्र बहुतेक बंदच असायचं.

गेल्या उन्हाळ्यात गायनवृंद शिकवायला शहरातून जोएल बर्कविट्झ नावाचा तरुण आला. बारीक, सज्जन, सगळ्यांना "थँक यू" म्हणणारा. पहिल्याच तालमीत त्याने हात वर करून गाणं थांबवलं आणि काळजीने विचारलं, "हीटर आवाज करतोय का?" व्हर्लिन मागेच खुर्च्या लावत होता. तो मुकाट्याने तळघरात गेला, थंडगार हीटरकडे दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि वर येऊन म्हणाला, "बघितलं. आता काही नाही." दुसऱ्या ओळीला आवाज पुन्हा आला. जोएलला एव्हाना तो कुठून येतो ते दिसलं होतं. त्याने हीटरचं नाव परत काढलं नाही.

मंडळाची सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी बँक उघडायच्या आधी. प्रत्येकाने आळीपाळीने काहीतरी गोड आणायचं. ऑक्टोबरमध्ये ड्वेन पेकारेकची पाळी होती. ड्वेन खजिनदार. गावातल्या मयतांचं सगळं तोच बघतो, म्हणून सकाळी सातलाही काळ्या सुटात. त्याच्या बायकोच्या लिंबाच्या वड्या तालुक्यात प्रसिद्ध आहेत. ताट फिरलं आणि एक वडी उरली. शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. उचलली तर हावरट, ठेवली तर करणारीचा अपमान. म्हणून प्रत्येकजण तिचा अर्धा तुकडा कापून घेतो आणि अर्धा पुढे ढकलतो. ताट व्हर्लिनपाशी आलं तेव्हा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा राहिला होता. तोही अर्धा करायचा म्हणून तो प्लॅस्टिकच्या सुरीने खटपट करत होता.

इकडे जोएल बोलत होता. नाताळच्या कार्यक्रमाचं राज्यभराच्या रेडिओसाठी ध्वनिमुद्रण होणार, केंद्राचं नाव होणार, तर आवाजाची जरा चाचणी घेतली तर बरं. अध्यक्षा फिलिसने ड्वेनकडे पाहिलं. सहावीत ड्वेनला तिने शिकवलं होतं. तिच्या नुसत्या पाहण्यावर तो अजून उभा राहतो.

"मी अशी सूचना मांडतो," ड्वेन म्हणाला, "की नाताळच्या कार्यक्रमात चाचणीत उत्तीर्ण होतील त्यांनीच गावं."

तुकडा एकदाचा दुभंगला. "अनुमोदन," व्हर्लिन म्हणाला.

हात वर झाले. ड्वेनचा, फिलिसचा, पोस्टमास्तरांचा, ग्रंथालयातल्या बाईंचा आणि सवयीने व्हर्लिनचा. बेव्हचा हात मात्र टेबलावरच होता, आणि ती व्हर्लिनकडे असं बघत होती की जणू त्याने भरसभेत शर्ट काढला.

कोट घालताना तिने त्याला गाठलं. "काय केलंस ते समजलं का तुला?"

"काय केलं? अनुमोदन दिलं."

"कशाला दिलंस?"

व्हर्लिनने एक पाय बुटात घातला.

"चाचणी घेणार आहेत! नापास झाला त्याला नाताळात उभं राहता यायचं नाही. अरे, तुझी बायको कशी गाते?"

व्हर्लिनचा एक पाय बुटात होता आणि एक बाहेर. तो तसाच बाकावर बसला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात तो असा, हे त्याला त्या बाकावर समजलं.

घरी आर्डिस दुपारच्या हॉटडिशसाठी, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या खिमा-बटाट्यासाठी, पातेल्यात डाव फिरवत होती. "काय झालं सभेत?"

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"एक ठराव झाला. गाणाऱ्यांची चाचणी घेणार म्हणे. नाताळसाठी."

"कुणी आणला?"

"ड्वेनने."

"आणि अनुमोदन?" आर्डिसने विचारलं आणि स्वतःच खो खो हसली. "विचारतेय काय मी वेड्यासारखी!" मग तिचा पातेल्यातला डाव जरा हळू फिरायला लागला. "बरं. तू मान्य केलंस म्हणजे चांगलंच असणार. देईन मी चाचणी."

तिने आदळआपट केली असती तर व्हर्लिनला पुष्कळ बरं वाटलं असतं. आदळआपट झाली की माणूस गॅरेजमध्ये जाऊन बसू शकतो.

दुसऱ्या दिवसापासून आर्डिसचा सराव सुरू झाला. सकाळी भांडी घासताना, दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना, संध्याकाळी तर खास उभी राहून. गरम पाण्यात मध घालून प्यायची आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायची. जितकं जास्त म्हणायची तितकी जास्त घाई व्हायची. त्यांचा ऑट्टो नावाचा म्हातारा कुत्रा गॅरेजमधल्या फ्रीजरमागे राहायला गेला. पेट्रोलपंपावर ड्वेन भेटला तेव्हा म्हणाला, "यंदा हरणं सगळी उत्तरेला सरकलीत म्हणे. शिकारीवाले बोंब मारतायत." तो मस्करी करत होता, पण व्हर्लिनला हसू आलं नाही. आर्डिस गाता गाता मधेच थांबून विचारायची, "आज कालच्यापेक्षा बरं वाटतंय ना रे?" आणि व्हर्लिन म्हणायचा, "हं." जन्मभर दुसऱ्याला "हं" म्हणत आलेल्या माणसाला तो हुंकार पहिल्यांदाच जड जायला लागला. ही चाचणीला जाणार, चांगला झगा घालून जाणार, जोएल तिला हळू आवाजात नाही म्हणणार, ती हसत घरी येणार, आणि या सगळ्याच्या कागदावर खाली छापलेलं असणार "अनुमोदक : व्हर्लिन".

पहिलं बर्फ पडलं तेव्हा तो नेहमीप्रमाणे आपलं यंत्र घेऊन फिलिसच्या दारातलं बर्फ काढायला गेला. फिलिस कॉफीचा कप घेऊन पायरीवर आली. सभेत ती सगळ्यांना अहो-जाहो करते, बाहेर मात्र तिचं नि व्हर्लिनचं अरे-तुरे. शाळेत एकाच वर्गात होते दोघं.

"फिलिस, झालेला ठराव मोडता येतो का?"

फिलिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. "येतो. आपल्या नियमात आहे. पण ज्याने बाजूने मत दिलं त्यानेच तो पुन्हा उघडायचा, आणि अनुमोदनही बाजूने मत दिलेल्याचंच लागतं. नाहीतर हरलेले लोक दर महिन्याला तीच मढी उकरत बसतात."

"म्हणजे बेव्ह नाही चालणार."

"बेव्ह नाही चालणार. बाजूने कोण कोण होतं, ते आठवतंय ना तुला?"

व्हर्लिनने बुटांकडे पाहिलं. कॉफी पिऊन तो तसाच ड्वेनकडे गेला. ड्वेन शवपेट्यांच्या खोलीत पॉलिश करत होता.

"मी?" ड्वेन दचकलाच. "टोरगर्सनबाईंच्या समोर? सहावीत त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं होतं. ती भिंत अजून स्वप्नात येते. आणि सूचना माझी, ती मीच कशी उकरू? तू मांड की."

"मी कसा मांडणार?"

"का, तुला तोंड नाही?"

"आहे. पण ते दुसऱ्याच्या मागून बोलतं."

"मग पुढून बोलायला शीक," ड्वेन म्हणाला आणि पेटीवर पुन्हा फडकं मारायला लागला. तोंडाने शूर आणि पायाने लंगडा, अशातला तो माणूस. पण चुकीचं काही बोलला नव्हता.

त्यानंतर व्हर्लिन रोज गॅरेजमध्ये जाऊन फ्रीजरसमोर उभा राहायचा. "मी अशी सूचना मांडतो की," एवढं यायचं आणि पुढे गाडी अडायची. ऑट्टो मागून शेपटी आपटायचा. घरात आर्डिसचा सराव, गॅरेजमध्ये व्हर्लिनचा. तिला त्याच्या सरावाचा पत्ता नव्हता. तिच्या आवाजात त्याचा ऐकू येणं शक्यच नव्हतं म्हणा.

नोव्हेंबरची सभा मंगळवारी आणि चाचणी त्याच शनिवारी. त्यातून गोड आणायची पाळी नेमकी स्कोगस्टाडांची. आर्डिसने खजुराच्या वड्या केल्या, ताटाला चांदीचा कागद गुंडाळला आणि त्याच्या हातात देत म्हणाली, "जोएलला दोन दे. बारीक झालाय बिचारा, आमच्या सगळ्यांच्या काळजीने." व्हर्लिनला वाटलं, ताट खाली ठेवावं आणि सगळं सांगून टाकावं. पण सभा बोलण्यासाठी असते आणि स्वयंपाकघर नसतं, अशीच त्याची समजूत होती. तो निघाला.

इतिवृत्त झालं, जमाखर्च झाला, गळक्या छपराचं नेहमीचं रडगाणं झालं. फिलिसने चष्म्यावरून पाहिलं. "नवीन काही?"

व्हर्लिन उठून उभा राहिला. आमच्या सभेत कुणी उभं राहत नाही. पोस्टमास्तरांना वाटलं तो खिडकी उघडायला उठला. ते म्हणाले, "नको, बरी आहे बंद."

"अध्यक्षबाई," व्हर्लिन म्हणाला. त्याची टोपी हातात चुरगळत होती. "मी अशी सूचना मांडतो की. की मागच्या महिन्यातला चाचणीचा ठराव पुन्हा उघडावा. आणि रद्द करावा."

आणि सगळे गप्प झाले. कुणाचा विरोध होता म्हणून नव्हे. सूचना आली की रेडिएटरच्या बाजूने अनुमोदन येतं, याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की सगळे तिकडे बघत वाट पाहत राहिले. बेव्हने सूचकाच्या जागी घाईघाईने व्हर्लिनचं नाव लिहिलं, आणि खालच्या छापील ओळीत पुन्हा तोच भेटल्यावर पेन हवेतच धरून बसली. शांतता लांबत चालली. आणि शांतता लांबली की व्हर्लिनच्या तोंडून जे निघायचं, तेच निघालं.

"अनुमोदन."

ग्रंथालयातल्या बाईंना कॉफीचा ठसका लागला. पोस्टमास्तर टेबलावर हात मारून हसले. जोएलही हसला आणि मग तोंडावर हात धरला. व्हर्लिन मात्र तसाच उभा. त्याचे कान गाजरासारखे लाल झाले होते.

फिलिसने हातोडी वाजवली. "स्कोगस्टाड, आपल्याच सूचनेला आपणच अनुमोदन देता येत नाही. दुसरं कुणी?"

बेव्ह ओठ मिटून बसली. तिला अनुमोदन द्यायची मुभा नव्हती आणि तेच तिला जाळत होतं. ड्वेनने फिलिसकडे पाहिलं, मग हातांची घडी पोटावर अशी ठेवली की जणू समोर पेटी आहे. बाकीचे दोघे बुटांकडे बघायला लागले. व्हर्लिनने पहिल्यांदाच अनुभवलं की बर्फावर पहिला पाय टाकणाऱ्याला मागे वळून बघायचाही धीर होत नाही. इतकी वर्षं आपण काय देत होतो हे त्याला त्या क्षणी समजलं.

"अनुमोदन नसेल तर सूचना पडली," फिलिस म्हणाली आणि तिने हातोडी उचलली.

पण ती खाली आली नाही. फिलिस त्या टोपी चुरगळणाऱ्या माणसाकडे बघत राहिली. मग तिने हातोडी ड्वेनच्या पुढे सरकवली. "पेकारेक, खुर्ची घ्या. अध्यक्षाला खुर्चीत बसून अनुमोदन देता येत नाही." ड्वेन बावचळून उठला. फिलिस टेबलाला वळसा घालून आली, बेव्हच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि वर्गात हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "अनुमोदन." मग हळूच, सभेबाहेरच्या आवाजात, "त्या दिवशी तू तळघरातून वर आला नसतास, तर आज इथे गाड्या लागल्या असत्या. बोल आता."

व्हर्लिन बोलला. भाषण कसलं, गॅसची पावती वाचावी तसं ते होतं. "मला सूर कळत नाही. जोएलला कळतो, तो बरोबरच सांगत असणार. पण ही डेअरी पाडायची होती ना, तेव्हा इथे गाता येणारं कुणी नव्हतं. गायची हौस असलेली माणसं होती. त्यांनी खुर्च्या आणल्या, भिंती रंगवल्या. माझी बायको त्यांत होती. आता रेडिओ येणार म्हणून त्यांना सांगायचं की तुम्ही घरी बसा. ते मला बरं वाटत नाही. आणि मी अनुमोदन दिलं ते न ऐकता दिलं. वडी कापत होतो. ते चुकलंच माझं. एवढंच." आणि तो खाली बसला.

कुणी काही बोलायच्या आत जोएलने हात वर केला. त्याला मत नव्हतं, पण तोंड होतं. "मी एक सांगू? महिनाभर मला झोप नाही. सूर नसलेले लोक एक का आहेत! शनिवारी मी निम्म्या गावाला नाही म्हणणार होतो, आणि रविवारी त्यातलेच लोक मला जेवायला बोलावतायत. राहता राहिला रेडिओ, तर मायक्रोफोन कुठे ठेवायचा हे शेवटी माझ्याच हातात आहे." एवढं बोलून त्याने खजुराची तिसरी वडी घेतली.

मत घेतलं. सगळे हात वर. बेव्हने तर दोन्ही वर केले आणि इतिवृत्तात एकच धरला. ड्वेनने हातोडी इतकी हलकेच टेकवली की ठराव झाला की नाही ते विचारावं लागलं.

ताटात शेवटची वडी होती. व्हर्लिनने ती उचलली आणि अख्खी खाल्ली.

घरी आर्डिस स्वयंपाकघरात मधाचं पाणी ढवळत होती. व्हर्लिनने ताट ओट्यावर ठेवलं आणि कोटही न काढता सांगून टाकलं. "चाचणी रद्द झाली. सगळ्यांनी गायचं."

"रद्द? कुणी मांडलं?"

"मी."

आर्डिसने चमचा ठेवला. "तू?" तिला हसू फुटलं, आणि मग ते मधेच थांबलं. "व्हर्लिन, खरं सांग. मी नापास झाले असते का रे?"

आता त्याला "हं" म्हणून सुटता आलं असतं. "झाली असतीस," तो म्हणाला.

"वाटलंच मला." ती खुर्चीत बसली. "हीटर बघायला तू तळघरात गेलास ना, तेव्हाच वाटलं. जुलै महिन्यात कसला हीटर!"

"मग महिनाभर घसा कशाला फोडलास?"

आर्डिसने टेबलावरचा नसलेला कचरा हाताने गोळा केला. "तुझं अनुमोदन होतं ना त्यावर. म्हटलं, इतकी वर्षं ऐकून घेतलं याने, आता यालाही नको झालं असेल. मग जायचंच आहे, तर एकदा नीट गाऊन जावं."

व्हर्लिनने कोट काढला, टोपी काढली, खुर्ची ओढून तिच्या समोर ठेवली आणि जोएल बसतो तसा पाठ सरळ करून बसला.

"म्हण," तो म्हणाला. "इतकी तयारी केली आहेस. मी ऐकतो."

आर्डिस उभी राहिली. ॲप्रन सरळ केला आणि गायली. सूर आळीभर हिंडला, घरात काही शिरला नाही, आणि शेवटची ओळ तर तिने अशी गाठली की जणू बस सुटत होती. पण महिनाभरात व्हर्लिनने हे गाणं पहिल्यांदाच नीट, काळजी न करता ऐकलं. ही बाई आपल्याला किती आवडते हे त्याला फार दिवसांनी आठवलं, आणि आठवलं म्हणून तो स्वतःशीच लाजला.

"झालं," धापा टाकत आर्डिस म्हणाली. "बोल, काय निकाल?"

व्हर्लिन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मी अशी सूचना मांडतो," तो म्हणाला, आणि या वेळी गाडी कुठेही अडली नाही, "की हे गाणं पुन्हा एकदा व्हावं."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. गॅरेजच्या दारातून ऑट्टोने नाक आत घातलं होतं.

"अनुमोदन," ती म्हणाली आणि तिने मधाच्या पाण्याचा एक घोट घेतला.